घशातली ‘टक्’ आणि चारशे वर्षांचा अविश्वास

(१) घास गिळताना घशात ‘टक्’ असा आवाज होतो. वेदना नाही, रक्त नाही, ताप नाही. पण प्रत्येक घासाला, पाण्याच्या प्रत्येक घोटाला आणि नुसता आवंढा गिळतानाही काहीतरी सरकून जागेवर बसल्यासारखे वाटते. तपासण्या होतात, अहवाल ‘सर्वसामान्य’ येतो. आवाज मात्र तसाच राहतो. डोळ्यांना न दिसणाऱ्या अशा तक्रारींना एक मोठा आणि बराचसा अन्यायाचा इतिहास आहे. त्यातील एक महत्त्वाचे प्रकरण लंडनच्या एका न्यायालयात घडले. #इतिहास #धागा

(२) साल १६०२. लंडनमधील एका दुकानदाराची चौदा वर्षांची मुलगी मेरी ग्लोव्हर आणि एलिझाबेथ जॅक्सन ही वृद्ध स्त्री यांच्यात एप्रिल महिन्यात भांडण झाले. जॅक्सनने मुलीला शिव्याशाप दिले. त्यानंतर मेरीचा गळा सुजल्यासारखा होऊ लागला, गिळणे अवघड झाले, वाचा जाऊ लागली आणि झटके येऊ लागले. शेजारपाजारच्या लोकांनी निष्कर्ष काढला की म्हातारीने चेटूक केले आहे.

(३) खटला १ डिसेंबर १६०२ रोजी उभा राहिला. मुलगी सोंग करते आहे का, हे पाहण्यासाठी तिच्या हाताला जळता कागद लावण्याचा प्रयोगही झाला होता. न्यायाधीश होते सर एडमंड अँडरसन. वैद्यांमध्ये दोन तट पडले. एका गटाच्या मते हा प्रकार निसर्गाबाहेरचा होता. एडवर्ड जॉर्डन आणि जॉन आर्जेंट या वैद्यांनी मात्र हा नैसर्गिक आजार आहे, अशी साक्ष दिली.

(४) न्यायाधीशांनी जॉर्डनला दोन साधे प्रश्न विचारले. या आजाराचे नाव काय? आणि तुम्ही तो बरा करू शकता का? जॉर्डनने नाव सांगितले, पण बरा करण्याची हमी दिली नाही. त्यावर अँडरसन यांचा कल स्पष्ट झाला. ज्याचे कारण वैद्याला पटवून देता येत नाही आणि जे त्याला बरे करता येत नाही, ते त्यांच्या दृष्टीने नैसर्गिक नव्हते.

(५) जॅक्सन दोषी ठरली. तिला एक वर्षाचा तुरुंगवास झाला आणि चार वेळा मान व हात खोड्यात अडकवून भर बाजारात उभे करण्याची शिक्षा झाली. वैद्याला निश्चित उत्तर देता आले नाही, याची किंमत एका निरपराध म्हातारीने मोजली. घशाच्या अनाकलनीय तक्रारीने दुसऱ्याच माणसाला गुन्हेगार ठरवल्याचे हे एक ठळक उदाहरण आहे.

(६) जॉर्डनने १६०३ साली या विषयावर इंग्रजीत एक छोटे पुस्तक लिहिले. अशी लक्षणे चेटकाची नसून आजाराची असतात, हे सांगणारा तो महत्त्वाचा ग्रंथ होता. पण त्याने दिलेले कारण आज विचित्र वाटते. ते कारण होते गर्भाशय. त्या काळच्या इंग्रजीत गर्भाशयाला ‘मदर’ म्हणत आणि या आजाराला ‘मदरची घुसमट’.

(७) ही कल्पना जॉर्डनची नव्हती, ती दोन हजार वर्षे जुनी होती. प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांत स्त्रीची घुसमट आणि गळा आवळल्याची भावना गर्भाशयाच्या हालचालीशी जोडलेली दिसते. प्लेटोच्या ‘टिमेअस’मध्येही शरीरात भटकणाऱ्या गर्भाशयाचे वर्णन आहे. गर्भाशय खाली परतावे म्हणून नाकाशी दुर्गंधी आणि खालच्या बाजूस सुगंध धरण्याचे उपचार होत.

(८) इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात सोरेनस या वैद्याने, गर्भाशय हे काही बिळातून बाहेर पडणारे जनावर नव्हे, असे बजावले होते. तरीही ग्रीक ‘हिस्टेरा’ म्हणजे गर्भाशय, या शब्दावरून ‘हिस्टेरिया’ हे नाव रूढ झाले. घशात गोळा अडकल्याच्या भावनेला पुढे ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ म्हणू लागले. याचा अर्थ हिस्टेरियाचा गोळा. तक्रार घशाची, पण नावातच ठपका स्त्रीच्या शरीरावर आणि स्वभावावर.

(९) येथे एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. घशात गोळा अडकल्याची भावना आणि गिळताना होणारी ‘टक्’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण दोघींचे दैव सारखे होते. घसा ही अंधारी जागा. आत काय घडते ते कोणाला दिसत नसे, म्हणून तक्रार करणाऱ्याचा शब्द एवढाच पुरावा उरे. तो शब्द कोणाचा आहे, यावर त्याचे मोल ठरत असे.

(१०) घसा आणि मन यांचे नाते मात्र खोटे नाही. मराठीत कंठ दाटून येतो, घास घशाखाली उतरत नाही, माणूस नुसताच आवंढा गिळतो. भीती आणि दुःख घशात जाणवते, हे भाषेला वैद्यकाच्या आधीपासून ठाऊक होते. चूक हे नाते ओळखण्यात नव्हती. घशाची कोणतीही न दिसणारी तक्रार मनाच्या खात्यात टाकून मोकळे होण्यात ती होती.

(११) वेगळा विचार करणारे वैद्य होते. जॉन पर्सेल याने १७०७ साली लिहिलेल्या ग्रंथात गळ्यातील गोळ्याचे कारण गळ्यातच शोधले. मानेचे स्नायू आखडतात आणि कंठमण्यावर दाब येतो, असे त्याचे म्हणणे होते. हा तर्क यांत्रिक होता आणि म्हणूनच मोलाचा. पण जिवंत माणसाच्या घशात डोकावून तो तपासण्याचे साधन त्याच्याजवळ नव्हते.

(१२) ते साधन लाभले एका गायनशिक्षकाला. मॅन्युएल गार्सिया हा स्पॅनिश गुरू, आवाज नेमका कसा निर्माण होतो या प्रश्नाने झपाटलेला होता. १८५४ साली पॅरिसमध्ये त्याने दंतवैद्याचा लांब दांड्याचा छोटा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःच्याच स्वरतंतूंची हालचाल पाहिली. १८५५ साली त्याचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आला.

(१३) व्हिएन्नातील ट्यूर्क आणि पेस्ट शहरातील चेरमाक या वैद्यांनी लवकरच हा आरसा रुग्णांसाठी वापरात आणला. घशाच्या अंधारात प्रथमच उजेड पडला. गार्सिया १०१ वर्षे जगला. १९०५ साली त्याची शताब्दी लंडनमध्ये थाटात साजरी झाली. आता घशातील कोणतेही कोडे सुटेल, अशी आशा वाटणे साहजिक होते. त्या आशेला सर्वांत मोठा धक्का बसला तो एका राजघराण्यात.

(१४) जानेवारी १८८७ मध्ये जर्मनीचा युवराज फ्रेडरिक याचा आवाज बसला. आरशातून स्वरतंतूवर लहानशी वाढ दिसली. जर्मन वैद्यांना कर्करोगाचा संशय आला. लंडनहून बोलावलेले घशाचे ख्यातनाम तज्ज्ञ मोरेल मॅकेंझी यांनी त्या वाढीचे तुकडे काढले आणि ते थोर विकृतिशास्त्रज्ञ रुडोल्फ विर्खो यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्या तुकड्यांत कर्करोग आढळला नाही.

(१५) मोठी शस्त्रक्रिया टळली. नोव्हेंबर १८८७ पर्यंत मात्र कर्करोगाविषयी शंका उरली नाही. फेब्रुवारी १८८८ मध्ये श्वासासाठी गळ्याला छिद्र पाडावे लागले. ९ मार्चला वडिलांच्या निधनानंतर फ्रेडरिक सम्राट झाला, तेव्हा त्याला बोलता येत नव्हते. तो चिठ्ठ्यांवर लिहून संवाद साधत असे. ९९ दिवसांच्या कारकिर्दीनंतर १५ जून १८८८ रोजी तो वारला.

(१६) आरसा होता, सूक्ष्मदर्शक होता, युरोपातील श्रेष्ठ वैद्य होते. तरीही उत्तर चुकले, कारण काढलेल्या तुकड्यात जे नव्हते ते उरलेल्या भागात असू शकते. ‘सापडले नाही’ आणि ‘नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. म्हणूनच अन्न अडकणे, वेदना, रक्त, टिकून राहिलेला घोगरेपणा किंवा वजन घटणे अशी लक्षणे असतील, तर आजही एका स्वच्छ अहवालावर थांबत नाहीत.

(१७) १८९५ हे वर्ष या कथेत दोन कारणांनी येते. त्या वर्षी ब्रॉयर आणि फ्रॉइड यांचा हिस्टेरियावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात ‘ॲना ओ.’ या तरुणीची हकिकत आहे. तहान लागूनही तिला पाणी पिता येईना. जवळजवळ सहा आठवडे ती कलिंगडासारख्या फळांवर राहिली. एका कुत्र्याला पेल्यातून पाणी पिताना पाहिल्याची किळसवाणी आठवण तिने बोलून दाखवली आणि मग तिने पाणी मागितले, असे ब्रॉयर सांगतो.

(१८) ती पूर्ण बरी झाली, या दाव्यावर पुढे इतिहासकारांनी गंभीर शंका घेतल्या. पण या ग्रंथात एक गोष्ट लक्षणीय होती, ती म्हणजे वैद्याने रुग्णाचे बोलणे शांतपणे आणि सविस्तर ऐकले. त्याच ग्रंथांच्या परंपरेचा दुसरा परिणाम मात्र असा झाला की, कारण दिसत नसेल तर ते मनातच असणार, ही समजूत वैद्यकात अधिक घट्ट झाली.

(१९) त्याच वर्षी, ८ नोव्हेंबर १८९५ रोजी, राँटजेनला क्ष-किरण सापडले. वर्षभरातच हार्वर्डच्या वैद्यकशाळेत पहिल्या वर्षाला शिकणाऱ्या वॉल्टर कॅनन या विद्यार्थ्याला एक काम मिळाले. ते होते, प्राणी गिळताना अन्न कसे सरकते ते क्ष-किरणांनी पाहण्याचे. डिसेंबर १८९६ मध्ये त्याने आधी कुत्र्याच्या गळ्यातून खाली जाणारे मोत्याचे बटण पाहिले, मग लांब मानेचा हंस निवडला.

(२०) हंसाला खोक्यात ठेवून, मान पुठ्ठ्याच्या उंच कॉलरमध्ये सरळ धरून, बिस्मथ भरलेला घास त्याला गिळायला दिला जाई. काळी सावली मानेतून खाली उतरताना पडद्यावर दिसे. गिळणे ही क्रिया प्रथमच चालू असताना पाहता येऊ लागली. गार्सियाच्या आरशाने घशाची जागा दाखवली होती. कॅननच्या पडद्याने घशाची गती दाखवली. ‘टक्’ समजण्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

(२१) कारण ‘टक्’ हा गतीचा दोष आहे. गिळताना स्वरयंत्र वर व पुढे उचलले जाते, श्वासमार्ग बंद होतो, घास मागून निसटतो आणि सारे पुन्हा खाली येते. घशातला हा टप्पा सुमारे एका सेकंदात आटोपतो. या हालचालीच्या केंद्रस्थानी हायॉइड नावाचे कमानीसारखे हाड असते. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही हाडाशी त्याचा सांधा नाही. ते स्नायू आणि बंधांवर तोललेले असते.

(२२) या हाडाच्या मागे वळलेल्या टोकांजवळच कंठमण्याच्या कूर्चेची दोन शिंगे असतात. एखादे शिंग किंचित लांब वा वाकडे असले, हाडाचे टोक आत वळलेले असले किंवा दोघांतील अंतर कमी असले, तर उचलले जाताना एक भाग दुसऱ्यावर घासतो, अडतो आणि सुटतो. सुटतो तेव्हा ‘टक्’ होते. कधी तो आवाज शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो.

(२३) याच घराण्यातला एक दोष १९३७ साली नोंदला गेला. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे वॉट ईगल यांनी, कवटीच्या तळाशी कानाखालून निघणारा हाडाचा काटा प्रमाणाबाहेर लांब असलेले दोन रुग्ण वर्णिले. हा काटा साधारणपणे अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो. तो लांबला तर गिळताना टोचते, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते. तो ओळखण्याची एक रीत अगदी साधी होती. टॉन्सिलच्या जागी बोटाने दाबून पाहायचे.

(२४) १९६८ साली दोन गोष्टी घडल्या. माल्कमसन या वैद्याने, गोळ्याची तक्रार करणाऱ्या बहुतेकांत हिस्टेरिया नसतो हे पाहून, ‘ग्लोबस हिस्टेरिकस’ऐवजी ‘ग्लोबस फॅरिंजियस’ म्हणजे घशाचा गोळा, हे नाव सुचवले. एका शब्दाने शतकांचा ठपका पुसला. त्याच वर्षी जपानी संशोधक सावाशिमा आणि हिरोसे यांनी, नाकातून घशात उतरणारी लवचिक काचतंतूंची दुर्बीण वर्णन केली. आता जागा माणसाचा घसा सहज पाहता येऊ लागला.

(२५) तरीही ‘टक्’ निसटते. ती का निसटते, हे आजच्या तपासण्यांच्या रीतीतच दडले आहे. दुर्बीण आत असताना रुग्ण गिळतो, त्या नेमक्या क्षणी घशाच्या भिंती दुर्बिणीच्या टोकाभोवती मिटतात आणि चित्र पांढरे होते. मानेचा सीटी स्कॅन काढताना रुग्णाला स्थिर पडून राहायला सांगतात आणि बजावतात की आता गिळू नका. म्हणजे जो क्षण पाहायचा आहे, तोच वगळून चित्र काढले जाते.

(२६) असा अहवाल ‘सर्वसामान्य’ येतो, तेव्हा तो खोटा नसतो. स्थिर घशात खरोखरच दोष नसतो. बंद दाराचे छायाचित्र पाहून दार करकरते की नाही, हे कसे सांगणार? त्यासाठी दार उघडावे लागते. म्हणून गिळत असतानाच पाहणाऱ्या तपासण्या उपयोगी पडतात, जसे बेरियमचा घोट घेताना काढलेले चलचित्र किंवा त्वचेवरून केलेली सोनोग्राफी.

(२७) आणि सर्वांत जुनी तपासणी आजही कामाची आहे. वैद्य गळ्याच्या दोन्ही बाजूंना बोटे ठेवतो आणि रुग्णाला गिळायला सांगतो. ‘टक्’ बोटाला लागते, कोणत्या बाजूला ते कळते. स्वरयंत्र हलकेच एका बाजूला सरकवले किंवा मान वळवली तर ती थांबते का, तेही कळते. पुष्कळदा ही युक्ती रुग्णाने घरी स्वतःच शोधलेली असते. त्याला विचारले, तर तो सांगतो.

(२८) ज्यांच्या बाबतीत जागा पक्की ठरते आणि त्रास असह्य असतो, अशा मोजक्या रुग्णांत कूर्चेचे शिंग किंवा हाडाचे टोक छाटून आवाज थांबवल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पण अशा नोंदी थोड्या आहेत, कारण हा दोषच विरळा मानला जातो. अनेकांना शस्त्रक्रियेची गरजही नसते. निरुपद्रवी आहे, पण खरे आहे, एवढे कोणी नीट सांगितले तरी त्यांना पुरेसे असते.

(२९) निदानावाचून जगणे म्हणजे काय, ते या दोन शब्दांत सामावले आहे. पंगतीत बसल्यावर शेजाऱ्याला ऐकू जाईल म्हणून पाणी हळू पिणे. रात्रीच्या शांततेत प्रत्येक आवंढा मोजणे. लक्ष जितके जाते तितके गिळणे वाढते, आणि गिळणे वाढले की आवाजही वाढतो. काळजीने त्रास वाढतो हे खरे. पण त्यावरून त्रास काळजीतूनच जन्मला असे ठरत नाही.

(३०) १६०२ च्या न्यायालयातील दोन प्रश्न आजही दवाखान्यात ऐकू येतात. नाव काय? उपाय काय? दोन्हींचे उत्तर नसेल, तर संशय सांगणाऱ्यावर वळतो. पूर्वी त्याला चेटूक म्हणत, मग हिस्टेरिया म्हणू लागले, आज ‘मनाचे खेळ’ म्हणतात. जॉर्डनचे गर्भाशयाविषयीचे मत चुकले होते. पण ज्याचे पूर्ण स्पष्टीकरण आणि उपाय आपल्याजवळ नाही, तेही नैसर्गिक असू शकते, ही त्याची साक्ष बरोबर होती.

(३१) आरसा, सूक्ष्मदर्शक, क्ष-किरण, दुर्बीण, स्कॅन. प्रत्येक साधनाने, कालपर्यंत कल्पना मानलेल्या काही तक्रारी शरीराच्या खात्यात परत आणल्या. प्रत्येक साधनाला स्वतःचा एक आंधळा कोपराही होता. त्या कोपऱ्यात उभा असलेला माणूस जेव्हा सांगतो की गिळताना घशात ‘टक्’ होते, तेव्हा पुढचा प्रश्न एवढाच असायला हवा. कोणत्या बाजूला? (समाप्त)